सिकल सेलवर जीन एडिटिंगचा इलाज निघालाय म्हणतात, आमच्या लाइनवरच्या पोराला त्याचा काही उपयोग होईल का?

पीथमपूर_जनरल_शिफ्ट (इंदूर)

नमस्कार मंडळी. इथे बायोलॉजी आणि मेडिकलवाले बरेच जण असतात म्हणून इथेच विचारून राहिलोय. मी पीथमपूरला एका औषध कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे, राहतो सुदामा नगरला. आमच्या लाइनवर अलिराजपूरकडचा एक मुलगा आहे, पंचविशीच्या आतला, कामाला एकदम पक्का पण मधूनच तीन-चार दिवस गायब होतो. एचआरवाले म्हणायचे पिऊन पडत असेल. मग मध्ये एकदा लाइनवरच गुडघे धरून खाली बसला, डोळे पिवळे झालेले, आणि मी पाणी वगैरे दिल्यावर त्याने पाकिटातून एक कार्ड काढून दाखवलं, त्यावर सिकल सेल (रक्ताचा पिढीजात आजार), एसएस असं लिहिलेलं. गावात सरकारी कँप झाला होता तेव्हाचं. दुखायला लागलं की तो गावातल्या झोलाछाप (बिनडिग्रीच्या) डॉक्टरकडून इंजेक्शन घेतो आणि परत कामावर येतो, बस इतकाच इलाज.

आता मुद्दा असा की मला ग्रुपवर एक बातमी आली, क्रिस्पर म्हणून टेक्निक आहे त्याने सिकल सेल मुळापासून बरा होतो, ९७ टक्के यश. दुसऱ्या बातमीत भारतातच बिरसा १०१ नावाची थेरपी तयार झाली असं होतं. हे खरंय का? खरं असेल तर खर्च किती, कारण आमच्या प्लांटमध्ये माणसं भरपूर आहेत, प्रत्येकाने थोडं थोडं दिलं आणि वर ऑनलाइन वर्गणी काढली तर जमेल असं मला वाटतं. किंवा ट्रायलमध्ये त्याचं नाव घालता येतं का, कुठे अर्ज करायचा? त्याला खर्चाचं नाव काढलं तरी घाबरतो, लग्न झालंय, बायकोला तिसरा महिना चालू आहे, म्हणतो साहेब राहू द्या.

शंकासुर

दादा, वर्गणी काढायच्या आधी थोडं थांबा. दर सहा महिन्यांनी कॅन्सर बरा झाल्याची बातमी येते, उंदरांवर यशस्वी आणि पुढे काय तर काही नाही. हे सगळं कंपन्यांचे शेअर वर नेण्यासाठी असतं. ९७ टक्के म्हणे. किती जणांपैकी ९७ टक्के ते बातमीत कधी लिहीत नाहीत.

पेशीवाला (ग्वाल्हेर)

शंकासुर, शेवटचा प्रश्न एकदम बरोबर विचारलास, पण आधीचं सगळं चूक. हे उंदरांवरचं नाही, माणसांवरचंच आहे आणि मंजूर झालेलं आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी संस्था) ८ डिसेंबर २०२३ ला परवानगी दिली, नाव कॅसजेव्ही. क्रिस्पर (म्हणजे जीन नेमक्या जागी कापणारी कात्री) वापरून केलेला जगातला पहिला मंजूर इलाज. आता ते ९७ टक्के कुठून आले ते सांगतो. ट्रायलमध्ये ज्यांच्याकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं असे ३० जण होते, त्यातल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही मोठा दुखण्याचा अॅटॅक आला नाही. म्हणजे आकडा खरा आहे, फक्त लहान आहे, आणि 'बरे झाले'चा अर्थ इथे 'वर्षभर मोठा अॅटॅक नाही' असा आहे. वीस वर्षांनी काय होतं हे कळायला वीस वर्षं जावी लागतील. पण ज्यांना वर्षातून अनेकदा अॅडमिट व्हावं लागायचं अशाच लोकांना ट्रायलमध्ये घेतलं होतं, त्यामुळे हा फरक कुठल्याही हिशोबाने प्रचंड आहे.

आता गंमत बघा (मी याच विषयाच्या आसपास पीएचडी करतोय त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या). सिकल सेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जीनमध्ये एका अक्षराचा बदल, त्यामुळे सहाव्या जागेवर ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि जिथे अडकेल तिथे असह्य दुखतं. लिनस पॉलिंगने १९४९ मध्येच सांगितलं होतं की हा रेणूचा आजार आहे. तर सगळ्यांना वाटतं की क्रिस्परने ते चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं. नाही! कॅसजेव्ही त्या अक्षराला हातच लावत नाही.

गर्भात असताना आपल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी नसतेच, गॅमा असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होत जातं आणि मोठ्यांचं सुरू होतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी नोंदवलं होतं की सिकलवाल्या बाळांना पहिले काही महिने त्रासच होत नाही, आणि त्याचं कारण हे गर्भातलं हिमोग्लोबिन असणार. पुढे अशी माणसंही सापडली ज्यांच्यात सिकलचा जीन आहे पण गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही चालू राहिलंय, त्यांना जवळजवळ काही होत नाही. मग ते बंद कोण करतं याचा शोध सुरू झाला आणि २००८ च्या सुमारास बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवलं की बीसीएल११ए नावाचा जीन हा ब्रेक आहे. कॅसजेव्ही तो ब्रेक तोडतं, तेही फक्त लाल पेशींपुरता, कारण बाकी पेशींना तो जीन लागतो. मला स्वतःला क्रिस्परपेक्षा हा साठ वर्षांचा शोध जास्त भारी वाटतो पण बातमी कात्रीची होते, काय करणार.

खर्च: अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, मंजुरीच्या वेळच्या दराने अठरा कोटींच्या वर. हॉस्पिटल वेगळं. दादा, वर्गणीचा विचार सोडून द्या.

आणि पैसे असते तरी ते इंजेक्शन नाही. आधी रक्तातल्या मूळ पेशी (ज्यांपासून रक्त तयार होतं त्या) मशीनने गोळा करायच्या, त्या लॅबमध्ये पाठवून एडिट करायच्या, त्यात काही महिने जातात, मग पेशंटला बुसल्फान नावाची जबर केमोथेरपी द्यायची, कारण जुनं पीक उपटल्याशिवाय नवं बी रुजत नाही, आणि मग त्या पेशी परत सोडायच्या. महिना-दीड महिना हॉस्पिटलात, केस जातात, इन्फेक्शनचा धोका, आणि पुढे मूल न होण्याची शक्यता. दुसऱ्या एका कंपनीच्या ट्रायलमध्ये २०२४ मध्ये एक पेशंट दगावला तो बहुधा या केमोमुळेच, एडिटिंगमुळे नाही.

बिरसा १०१ : हो, खरंय. दिल्लीच्या आयजीआयबीने (सीएसआयआरची जीनसंशोधन संस्था) केलंय, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलंय. कोविडमध्ये फेलूदा टेस्ट काढली होती तीच ही संस्था. पण जाहीर होणं आणि इंदूरमध्ये पेशंटला मिळणं यात ट्रायलचे सगळे टप्पे आहेत. तरी किमतीबाबत आशा ठेवायला जागा आहे, कारण कॅन्सरची कार-टी थेरपी (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलवाल्यांनी आपल्याकडे बाहेरच्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात आणून दाखवलीच की.

बडोद्याची_लॅबवाली

बाकी सगळं नंतर वाचते. दादा, तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात की बायकोला तिसरा महिना आहे. तिची तपासणी झालीये का??? सिकलची?

मी दांडिया बाजारात राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य गेलं, छोटा उदेपूरकडची हजारो सॅम्पल्स हातावरून गेली असतील. छोटा उदेपूर आणि अलिराजपूर म्हणजे मध्ये फक्त राज्याची हद्द, लोक तेच, नातीगोती तीच. त्यामुळे बायको त्याच भागातली असेल तर ती वाहक (सिकलचा जीन एकाच पालकाकडून आलेली, स्वतः आजारी नसलेली) असण्याची शक्यता आपल्या शहरी लोकांपेक्षा कितीतरी जास्त.

हिशोब सोपा आहे. मुलगा एसएस आहे, म्हणजे त्याला सिकलचा जीन आई-बाप दोघांकडून आलाय, म्हणून त्याच्याकडून बाळाला सिकलचा जीन जाणारच, शंभर टक्के. बायको नॉर्मल असेल तर बाळ फक्त वाहक होईल, आजारी नाही, काळजीचं कारण नाही. पण बायको वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता की बाळ आजारीच असेल. ५० टक्के! आणि गर्भाची तपासणी करायची असेल तर वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन करतात ती साधारण १० ते १२ आठवड्यांत, किंवा मग १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून. म्हणजे तुमच्या हातात आत्ता दिवस मोजके आहेत. जीन एडिटिंग कुठे पळून जात नाही, हे मात्र पळून चाललंय. उद्या सुट्टी द्या त्याला आणि बायकोला घेऊन जायला सांगा. पुढे काय करायचं तो त्या दोघांचा निर्णय, पण माहिती तर वेळेत मिळायला हवी ना.

पीथमपूर_जनरल_शिफ्ट (इंदूर)

ताई, तुमचं वाचून लगेच त्याला फोन लावला. तो म्हणतो बायकोचं त्याच कँपमध्ये रक्त घेतलं होतं, बोटातून, आणि निगेटिव्ह सांगितलं. मग प्रश्नच मिटला ना? कार्ड वगैरे तिला काही दिलं नाही.

आणि अजून एक कळलं. त्याला कधीतरी जिल्हा हॉस्पिटलात रोजची कॅप्सूल लिहून दिली होती, हायड्रॉक्सी काहीतरी. मेडिकलवाल्याने सांगितलं ही कॅन्सरची गोळी आहे, तुला कोणी दिली, म्हणून याने घाबरून टाकूनच दिली.

बडोद्याची_लॅबवाली

नाही मिटला. कँपमध्ये बहुतेक वेळा सॉल्युबिलिटी टेस्ट करतात. रक्त एका द्रावणात टाकायचं, सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसत नाहीत, नसेल तर स्वच्छ दिसतात. स्वस्त आणि पटकन होणारी, कँपला उत्तम, पण दोन गोष्टी ती सांगत नाही. एक म्हणजे पॉझिटिव्ह आलं तर वाहक की आजारी ते कळत नाही. दुसरी म्हणजे थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनचाच दुसरा पिढीजात आजार) वाहक तिला दिसतच नाही, आणि बाळाला एकीकडून सिकल आणि दुसरीकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी ते बाळ आजारीच असतं, कधी कधी एसएसइतकंच. शिवाय अॅनिमिया जास्त असेल तर सॉल्युबिलिटी चुकून निगेटिव्ह येऊ शकते, आणि गरोदर बायकांत अॅनिमिया किती ते मी सांगायला नको.

म्हणून एचपीएलसी करा, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजतात, रिपोर्टवर हिमोग्लोबिन एस (सिकलचं) आणि ए-टू (थॅलेसेमियाच्या वाहकात वाढतं ते) दोन्ही येतात. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या आत असेल तर छान, चारच्या वर गेलं तर थॅलेसेमियाचा संशय. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पण करा. रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, फोटो नको, नाव दिसतं त्यावर.

एमजीएमचा_जुना (इंदूर)

उशिरा आलो. मी फिजिशियन आहे, पलासियाला बसतो. त्या कॅप्सूलबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण या पूर्ण धाग्यात त्या मुलाच्या कामाची गोष्ट ती आहे आणि ती कचऱ्यात गेली.

हायड्रॉक्सीयुरिया. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती खरंच वापरतात, वेगळ्या डोसमध्ये. पण सिकल सेलमध्ये ती १९९८ पासून मंजूर आहे, आणि पेशीवाल्याने जे गर्भातलं हिमोग्लोबिन सांगितलं ना, ही गोळी तेच वाढवते. अठरा कोटींचा इलाज ज्या दारातून आत जातो त्याच दारातून ही जाते, कमी ताकदीने जाते आणि रोज घ्यावी लागते, एवढाच फरक. १९९५ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये २९९ मोठी माणसं होती, खोटी गोळी दिलेल्यांना वर्षाला साधारण साडेचार अॅटॅक आले, ही गोळी घेणाऱ्यांना अडीच. तेव्हा लोक म्हणाले अमेरिकेत ठीक आहे, गरीब देशात कोण सांभाळणार. मग अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडात लहान मुलांवर ट्रायल झाली, तिथे दुखणं कमी झालं, रक्त चढवायची वेळ कमी आली, मलेरिया कमी झाला, मृत्यूही कमी झाले. आमच्या झाबुआ-अलिराजपूरशी जुळणारा पुरावा तो आहे, बोस्टनचा नाही.

तिला शिस्त लागते हे मात्र खरं. अधूनमधून सीबीसी करावं लागतं कारण पांढऱ्या पेशी खाली येऊ शकतात, परिणाम दिसायला काही महिने जातात, आणि पेशंटला वाटतं दुखतच नाहीये तर कशाला खाऊ. म्हणून सुरू कोणी करायची आणि डोस किती ते समोर बसलेल्या डॉक्टरनेच ठरवायचं, फोरमवर वाचून मेडिकलमधून उचलायची नाही. कार्ड आहे त्याच्याकडे, सरकारी हॉस्पिटलात दाखवू द्या. १ जुलै २०२३ ला आपल्या शहडोलमध्येच पंतप्रधानांनी सिकल सेल निर्मूलन मिशन सुरू केलं, सात कोटी लोकांची तपासणी हे लक्ष्य ठेवलं, चांगलंच आहे, पण माझं मत विचाराल तर नुसतं कार्ड देऊन सोडलेला पेशंट म्हणजे अर्धं काम.

झोलाछापची इंजेक्शनं बंद. ती बहुतेक डायक्लोफेनॅक असणार, सिकलवाल्याची किडनी आधीच नाजूक असते. ताप १०१ च्या वर गेला, किंवा छातीत दुखून दम लागला, तर घरी थांबायचं नाही, रात्र असली तरी. न्यूमोनियाची लस झाली नसेल तर द्यायला सांगा. पाणी भरपूर. आणि सुपरवायझर साहेब, एक तुम्हाला विचारतो, त्याची ड्युटी कुठे असते? कोल्ड रूममध्ये नाही ना?

सख्खा भाऊ-बहीण असेल तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट हाही पर्याय असतो, पूर्ण मॅच होण्याची शक्यता चारात एक, आणि तो भारतात आज होतो. पण मोठ्या वयात धोका वाढतो, त्यामुळे आधी गोळीवर नीट बसवा मग बघू.

शंकासुर

डॉक्टर साहेब, माझं म्हणणं तेच होतं की जुनी गोळी कामाची आणि नवीन सगळा बाजार.

पेशीवाला (ग्वाल्हेर)

असंही नाही रे. नवीन म्हणून डोक्यावर घेऊ नये हे कबूल. व्हॉक्सेलोटॉर नावाची गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत झटपट मंजूर झाली, का तर हिमोग्लोबिनचा आकडा वाढतो, आणि २०२४ मध्ये फायझरने ती जगभरातून मागे घेतली, कारण नंतरच्या डेटात अॅटॅक आणि मृत्यू जास्त दिसायला लागले. आकडा वाढला पण माणूस बरा झाला नाही. पण त्याच पाच वर्षांत कॅसजेव्हीही आलं. दोन्ही नवीनच. बघायचं ते हे की मोजलं काय, किती जणांत, किती काळ. आणि २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्याच्या एकट्याच्या म्यूटेशनसाठी (जीनमधल्या चुकीसाठी), सहा महिन्यांत एडिटिंगचं औषध बनवून थेट शरीरात दिलं, लिव्हरमध्ये, केमो न देता. सिकलमध्ये मूळ पेशी हाडांच्या आत लपलेल्या असतात म्हणून तसं अजून जमत नाही, पण सगळ्यांचे प्रयत्न तिकडेच चालले आहेत. ते जमलं तर बुसल्फानही गेलं आणि किमतीचा मोठा हिस्साही गेला. याला बाजार म्हणून उडवून लावू नकोस.

पीथमपूर_जनरल_शिफ्ट (इंदूर)

अपडेट देतो. एचपीएलसी झाली. ताई, आकडे असे: हिमोग्लोबिन एस नाही, ए-टू २.८, हिमोग्लोबिन १०.१. लॅबवाला म्हणाला नॉर्मल पॅटर्न.

डॉक्टर साहेब, तुम्ही बरोबर पकडलंत, तो महिन्यातले काही दिवस कोल्ड रूमलाच असतो, इंजेक्शनचे बॉक्स तिथेच ठेवतो आम्ही. जॅकेट देतात पण ते कोणी घालतं कोणी नाही. मी माझ्या पातळीवर त्याला तिथून काढून लेबलिंगला टाकलंय, पण एचआर म्हणते कागद पाहिजे, असं तोंडी चालत नाही, उद्या बाकीचे पण मागतील. गोळीसाठी तो सोमवारी जातोय, मी सोबत जाणार आहे नाहीतर हा परत मध्येच कुठेतरी कटेल.

बडोद्याची_लॅबवाली

चला, सुटले! २.८ छान आहे. १०.१ म्हणजे थोडा अॅनिमिया, लोहाची कमतरता असेल तर ए-टू जरा खाली दिसतं, म्हणून सीबीसीचा एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) किती आलाय तेवढा बघा, ७८-८० च्या वर असेल तर थॅलेसेमियाचा विषय संपला. खूप कमी असेल तर लोह देऊन नंतर एकदा परत बघतील. गर्भाची तपासणी वगैरे काही गरज पडणार नाही मग. बाळ वाहक होईल एवढं लिहून ठेवा, त्याच्या लग्नाच्या वेळी कामाला येईल. आणि बाळाची सॉल्युबिलिटी टेस्ट पहिल्या सहा महिन्यांत करू नका, गर्भातलं हिमोग्लोबिन भरलेलं असतं, उत्तर चुकीचं येतं.

एमजीएमचा_जुना (इंदूर)

एचआरसाठी: २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकल सेल आहे. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) साइटवर अर्ज करायचा, जिल्हा हॉस्पिटलचं मेडिकल बोर्ड तपासून सर्टिफिकेट देतं. त्याला वेळ लागेल, तोवर सोमवारी ओपीडीत डॉक्टरांकडून एवढंच लिहून घ्या की थंड जागी आणि रात्रपाळीला ठेवू नये, शिक्का मारून. जुनं कार्ड, असतील तेवढे जुने रिपोर्ट आणि बायकोची एचपीएलसी पण सोबत न्या. सकाळी लवकर जा, सोमवारची गर्दी फार असते.